झिरो तिकिटाची पुस्तकजत्रा

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 मावल्याला लागून जातो. देशातला हा सर्वांत लांब महामार्ग. मावल्यातल्या माणसाला मात्र श्रीनगरलाही जायचं नसतं आणि कन्याकुमारीलाही नाही. डिसेंबरात त्याला जायचं असतं आदिलाबादच्या मार्केट यार्डात, आणि तिथं पोचेपर्यंत गाडीतला कापूस कोरडा राहावा एवढीच त्याची देवाकडे मागणी असते.

2016 साली तेलंगणानं दहा जिल्ह्यांचे एकतीस जिल्हे केले. जुन्या आदिलाबादचे चार तुकडे झाले आणि आदिलाबाद शहराला चिकटून असलेलं मावला हे स्वतंत्र मंडल झालं. त्याआधी लोक पत्ता सांगताना ‘आदिलाबादजवळ’ म्हणत. मंडल झाल्यावरही ‘आदिलाबादजवळ’च म्हणतात, फक्त आता जरा ताठ मानेनं म्हणतात.

त्याआधीचे फेरफार याहून मजेचे. 1956च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट आणि राजुऱ्याचा भाग मराठी मुलखाकडे गेला. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि 2014मध्ये तेलंगणात आला. म्हणजे 1950 साली इथं जन्मलेले आजोबा हैदराबाद, आंध्र प्रदेश आणि तेलंगण अशी तीन राज्यं राहून आले, आणि या सगळ्या स्थलांतरात त्यांनी घरातलं कपाटसुद्धा जागचं हलवलं नाही. अशा घरांत बोलणं मराठीत होतं, अर्ज तेलुगूत भरले जातात, भांडण दखनी हिंदीत रंगतं आणि फी इंग्रजीत भरली जाते.

अशाच एका घराचा हा आठवडा आहे. घरात मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आहेत, त्यांच्या बाई आहेत, लेक-जावई आहेत आणि चौथीतली नात आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. एकाचं नाव घातलं की शेजारचे विचारतात, आमचं काय चुकलं? शिवाय हे घर एका पत्त्यावर सापडायचं नाही. पाच-सहा घरं एकत्र केली की ते तयार होतं.

सोमवार कापसाचा. पूर्वी कापूस विकायला बैलगाडी आणि धीर लागे. 2025च्या हंगामापासून ‘कपास किसान’ नावाचं मोबाइल अ‍ॅप लागतं. त्यावर आधी तारीख घ्यायची आणि मग गाडी भरायची. मास्तरांनी आयुष्यभर पोरांना हजेरीचे नंबर दिले, आता मोबाइल त्यांना नंबर देतो. तो नंबर काढते नात, कारण मोबाइलचा पासवर्ड घरात तिलाच पाठ आहे. यार्डात खरेदी करतं भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी माघारी. आता आदिलाबाद हे तेलंगणातलं गारठ्याचं माहेरघर. डिसेंबरात इथला पारा एक आकडी होतो आणि पहाटे धुकं असं पडतं की समोरचा बैल शिंगांवरून ओळखावा लागतो. त्या धुक्यातून कापूस कोरडा न्यायचा! मास्तर गाडीवर दोन ताडपत्र्या घालतात आणि वर स्वतः बसतात.

बाहेरच्या माणसानं इथं एक काळजी घ्यावी. आदिलाबादमध्ये सीसीआय दोन आहेत. एक कापूस घेणारं आणि दुसरं सिमेंट महामंडळाचा कारखाना, जो 1990च्या दशकात बंद पडला आणि तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत सुरू होतो. कुणी नुसतं “सीसीआय चालू होऊन राह्यलं म्हन्ते” असं बोललं, तर आनंद किती मानायचा हे आधी विचारून घ्यावं.

मंगळवारी बाई पांढरकवड्याला बहिणीकडे निघतात. 9 डिसेंबर 2023पासून तेलंगणात महिलांना साध्या आणि एक्स्प्रेस बसचा प्रवास फुकट आहे. फुकट असला तरी कंडक्टर तिकीट देतो, त्यावर रकमेच्या जागी शून्य असतं, आणि त्याला सगळा जिल्हा ‘झिरो तिकीट’ म्हणतो. त्यासाठी आधार कार्ड दाखवावं लागतं. कार्डावरचा फोटो कुणाचा आहे यावर कंडक्टर आणि बाई यांच्यात दर वेळी थोडी चर्चा होते. “मीच हाओ नं ती. वय झालं नाई का आता?” असं बाई मराठीत म्हणतात आणि तेलुगू कंडक्टर ते मान्य करतो.

पण झिरोची ही कृपा पैनगंगेपर्यंतच. पूल ओलांडला की महाराष्ट्र, आणि तेलंगणाच्या बसला तिथून पुढे पूर्ण भाडं. महाराष्ट्रात मार्च 2023पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते एसटीत. तेव्हा शास्त्रशुद्ध प्रवास असा की, अलीकडे झिरोवर यायचं, हद्दीवर उतरायचं, पलीकडे लालपरीला हात करायचा आणि अर्ध्या तिकिटात बहिणीचं घर गाठायचं. यात तास-दीड तास जास्त जातो. मास्तर म्हणतात, वेळेची काही किंमत आहे की नाही? बाई म्हणतात, आहे ना, मी आत्ताच वाचवली. दोन राज्यांच्या अर्थसंकल्पांचा इतका बारकाईनं अभ्यास विधानसभेतही होत नसावा.

सीमेची ही कसरत मावल्याची एकट्याची नाही. शेजारच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात केरामेरीच्या डोंगरात अशी गावं आहेत, ज्यांच्यावर तेलंगण आणि महाराष्ट्र दोघांनीही हक्क सांगितला आहे. तिथं सरपंच दोन, रेशनकार्डं दोन आणि मतदार ओळखपत्रंही दोन. त्यांच्यापुढे पांढरकवड्याचा हिशेब म्हणजे पहिलीचं गणित.

बुधवारी नळाला पाणी आलं. गुरुवारी कालनिर्णय आणि शेजारचं तेलुगू पंचांग यांच्यात एकादशीवरून एका दिवसाचा मतभेद निघाला आणि बाईंनी दोन्ही दिवस साबुदाणा करून तो मिटवला. घरातल्या मंडळींची याला तक्रार नव्हती.

खरी गडबड शुक्रवारची, कारण शनिवारी हैदराबादचा पुस्तक महोत्सव. इंदिरा पार्कजवळच्या एनटीआर स्टेडियमवर डिसेंबरच्या उत्तरार्धात भरणारी ही जत्रा 1980च्या दशकापासून चालत आली आहे. आता मराठी वाचणाऱ्यानं पुस्तकं घ्यायला हैदराबादला कशाला जावं, पुण्याला का नाही, हा प्रश्न जावयानं विचारलाच. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर 2023पासून राष्ट्रीय पुस्तक न्यास डिसेंबरातच महोत्सव भरवतो, आणि तिथं मराठी पुस्तकांचा डोंगर असतो. पण मावल्याहून पुणं लांब, आणि मास्तरांच्या मते पुण्यात वाचकाला विचारत नाहीत, मोजतात. 2023च्या पहिल्याच वर्षी तिथं गिनीज विक्रम झाले. 2024मध्ये ‘शांतता… पुणेकर वाचत आहेत’ असा उपक्रम झाला आणि ठरलेल्या तासात लोकांनी मिळेल तिथं बसून वाचलं. मास्तरांना उपक्रम आवडला, पण पुणेकरांना शांत बसवण्यासाठी एवढं मोठं आयोजन लागतं हे कळून त्यांना शहराची काळजी वाटली. मावल्यात मास्तर पुस्तक उघडतात, तेव्हा शांतता कुणी जाहीर करत नाही. उलट त्याच वेळी कुकरची शिट्टी, शेजारचा बोअर आणि महामार्गावरचा ट्रक असे तिघे एकदम सुरू होतात.

तर हैदराबाद. आता जायचं कसं? बाईंचा मार्ग ठरलेला: एक्स्प्रेस बस, निर्मल, आर्मूर, कामारेड्डी, जुबिली बसस्थानक. सुमारे 300 किलोमीटर, भाडं शून्य. मास्तर पुरुष असल्यामुळे त्यांना पैसे पडतात. मग पैसे पडणारच असतील तर ते रेल्वेला देऊ, असं म्हणून ते रात्रीच्या कृष्णा एक्स्प्रेसला बसतात.

या रेल्वेमार्गाची गंमत महाराष्ट्रातल्या वाचकांनी नकाशा उघडून बघावी. आदिलाबाद तेलंगणात, हैदराबाद तेलंगणात, पण आदिलाबादहून आपल्याच राजधानीला जाणारी गाडी आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड, उमरी, धर्माबाद असा नांदेड जिल्हा पालथा घालून ती बासरला पुन्हा तेलंगणात येते आणि मग गोदावरी ओलांडते. आदिलाबाद ते आर्मूर थेट रूळ टाकावेत ही मागणी जुनी आहे. मास्तरांचा तिला पाठिंबा आहे, पण तो तोंडदेखला. कारण सरळ रूळ पडले तर किनवटचा चहा बुडेल. राजधानीला जाताना वाटेत मराठी पाट्या लागतात याचं त्यांना अप्रूप आहे. गाडी रात्रीची असल्यामुळे त्या पाट्या दिसत नाहीत, ही बाब वेगळी. किनवटला चहा घेतला की मास्तरांचा डोळा लागतो. अख्खा महाराष्ट्र झोपेत जातो आणि जाग येते ती निजामाबादच्या पुढे, तेलुगूत भांडणाऱ्या दोन प्रवाशांमुळे. बासरच्या सरस्वतीला हात जोडायचेही राहून जातात. नातीचं अक्षराभ्यासाचं पहिलं अक्षर याच देवळात गिरवून घेतलं होतं. ते तेलुगूत होतं, म्हणून घरी आल्यावर मास्तरांनी पाटीवर शेजारी ‘श्री’ काढला होता.

शनिवारी सकाळी दोन्ही मार्ग स्टेडियमच्या दारात मिळाले. बाई, लेक आणि नात झिरोवर आलेल्या, त्यामुळे ताज्यातवान्या. मास्तर पैसे भरून आलेले, म्हणून दमलेले. जावई इथंच नोकरीला असल्यामुळे सर्वांत उशिरा पोचला.

पुस्तकजत्रेत शिरणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत कळतो. जावई आधी फोटो काढतो. पुस्तक हातात घेतलेला एक, पुस्तक ठेवताना एक, आणि खांबाला टेकून विचार करताना एक. मग तो सरळ स्पर्धा परीक्षांच्या दुकानाकडे वळतो. ग्रुप-1, ग्रुप-2 आणि शिक्षक भरतीची जाड मार्गदर्शकं घेणारी पोरं तिथं खांद्याला खांदा लावून उभी असतात. या गर्दीला साहित्यिक मंडळी नाकं मुरडतात. खरं तर संपूर्ण मैदानात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जाणारी पुस्तकं तीच. कवितासंग्रहाला असा वाचक मिळाला, तर कवी हर्षानं दुसरा संग्रह काढेल. न मिळाला तरी काढतोच म्हणा.

बाईंची परीक्षा वेगळी. त्या पुस्तक उघडतात, हात लांब करतात आणि अक्षर दिसलं तरच पुढची चौकशी करतात. लेखक कोण हे त्यानंतर. या कसोटीवर मोठमोठे पारितोषिकविजेते पहिल्या फेरीत बाद होतात. त्यांचं म्हणणं असं की, ज्याला आपलं लिहिणं वाचलं जावं असं वाटतं, तो इतकं बारीक छापून घेणार नाही. विशालांध्र, एमेस्को अशी जुनी तेलुगू नावं दुकानांवर झळकत होती. तिथं नातीनं एक चित्रांचं तेलुगू पुस्तक उचललं आणि आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं, अर्थ मराठीत सांगत. चार दुकानदार कौतुकानं बघत होते. मास्तरांना आनंद झाला आणि किंचित राग आला. तेलंगणात 2018च्या कायद्यानं सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची झाली, त्यामुळे नात तेलुगू घडाघडा वाचते आणि मराठी वाचताना जोडाक्षर आलं की पाणी प्यायला उठते.

मास्तर मात्र दुकानामागून दुकान एकच प्रश्न घेऊन हिंडत होते: मराठीत काही? उत्तरं वेगवेगळी मिळाली. एकानं हिंदी शब्दकोश दाखवला, कारण लिपी तीच. एकानं शिवाजी महाराजांचं तेलुगू चरित्र पुढे केलं, कारण महाराज तुमचेच. तिसऱ्यानं सरळ विचारलं, “सार, मराठीवाले इतके आहेत, तर तुमचं दुकान का नाही?” याचं उत्तर मास्तरांकडे नव्हतं. त्यांनी चहा मागवला.

चहाबरोबर त्यांना नेहमी पी. व्ही. नरसिंह राव आठवतात. पंतप्रधान म्हणून नव्हे. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद नरसिंह रावांनी ‘अबला जीवितम्’ नावानं केला होता, आणि विश्वनाथ सत्यनारायण यांची ‘वेयि पडगलु’ ही अवाढव्य तेलुगू कादंबरी ‘सहस्रफण’ म्हणून हिंदीत आणली होती. माणूस तेलंगणातला, वकिली शिकला नागपूरला, लोकसभेवर निवडून गेला रामटेकहून. मास्तरांचं मत असं की, हद्द ओलांडण्याचा खरा झिरो पास या माणसाकडे होता. साहित्य अकादमीचं किंवा पुस्तक न्यासाचं दुकान दिसलं की ते ही माहिती तिथल्या मुलाला देतात. मुलगा ऐकून घेतो आणि विचारतो, “बिल करू का?”

दुपारी भूक लागली. कुठल्याही पुस्तकजत्रेत सर्वांत लांब रांग खाण्याच्या दुकानांपुढे असते. लोक उगीच यावर हळहळतात. मिरची भजी हातात असताना पुस्तक हाताळता येत नाही, म्हणून ग्रंथप्रेमी माणूस आधी भजी संपवून येतो, यात पुस्तकाचा मानच आहे. बाईंनी भजी खाल्ली, कागदावर बोटं पुसली आणि तो कागदही वाचला. तेलुगू होता, म्हणून नातीकडून वाचून घेतला. कुठल्याशा कॉलेजची जाहिरात निघाली.

मराठी पुस्तकांची भूक भागली ती दुसऱ्या दिवशी, सुलतान बाजाराच्या बाजूला. निजामाच्या काळापासून हा मराठी माणसांचा भाग. इथं 1907 साली विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली आणि इथल्याच इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयानं शंभरी ओलांडली आहे. 1931चं साहित्य संमेलन हैदराबादला झालं, त्याचे अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर होते. ज्ञानकोशाचे 23 खंड त्यांनी केले, आणि ते खपावेत म्हणून ग्राहक मिळवत गावोगाव फिरलेही. मास्तरांना हे फार जवळचं वाटतं. त्यांनीही शाळेच्या वाचनालयासाठी आदिलाबादच्या अडत्यांकडे वर्गणी मागितली होती, फक्त खंड निघाले नाहीत.

रविवारी अबिड्स-कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. तिथं वैद्यकाच्या जाडजूड ग्रंथाखाली एखादं मराठी पुस्तक दबलेलं सापडतं, आत कुणाच्या तरी मुंजीतल्या आहेराची नोंद असते. मास्तर शोधत होते सेतुमाधवराव पगडी. निजामाच्या मुलकी सेवेतला हा मराठी अधिकारी आदिलाबाद भागात काम करताना गोंडी आणि कोलामी शिकला आणि गोंडांवर पुस्तक लिहून गेला. ‘जीवनसेतू’ हे त्यांचं आत्मचरित्र. मास्तरांच्या मते मावल्यातल्या प्रत्येक मराठी घरात ते असायला हवं. मास्तरांच्या घरी ते होतं. 2011च्या सुमारास एका शेजाऱ्यानं वाचायला नेलं, आणि शेजारी अजून वाचतो आहे.

परतीला पुस्तकांची पिशवी बाईंकडे गेली. तिकीट झिरो असलेल्या माणसानं ओझं न्यावं हे मास्तरांचं अर्थशास्त्र. बाईंनी पिशवी घेतली आणि पुस्तकं पहिल्यांदा वाचण्याचा हक्कही घेतला. मास्तरांचा नंबर त्यांच्यानंतर, मग लेकीचा, मग समोरच्या काकूंचा, मग बेल्याच्या मामांचा.

इथं पुण्या-मुंबईच्या वाचकांना मावल्याची पद्धत सांगितली पाहिजे. तिकडे पुस्तक विकत घेतात आणि कपाटात ठेवतात. इकडे कपाटात पुस्तक ठेवलं तर लोक त्याला कंजूष म्हणतात. दिवाळी अंक तर फिरतच असतो. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा तो एका दिवाळीत वाचून संपावा अशी त्यांची कल्पना असेल. मावल्यात एक अंक पोळ्यापर्यंत चालतो. मुखपृष्ठ संक्रांतीला जातं, अनुक्रमणिका होळीला, शब्दकोडं तर पहिल्याच घरात सुटतं, तेही पेनानं. शेवटच्या वाचकाला कथेचा मध्य तेवढा मिळतो, आणि सुरुवात-शेवट तो चावडीवर विचारून घेतो. सातारा जिल्ह्यातलं भिलार 2017मध्ये पुस्तकांचं गाव म्हणून सजवलं, तिथं घराघरांत पुस्तकं मांडली आणि वाचायला बाहेरून माणसं येतात. मावल्यात माणसं घराघरांत आहेत, पुस्तकं बाहेरून यावी लागतात. विक्रीचे आकडे कुठलेही असोत, एका प्रतीमागे वाचक मोजले तर मावल्याशी फर्ग्युसनच्या मैदानानं स्पर्धा करू नये.

म्हणून एक विनंती. महोत्सवातल्या सवलतीच्या भरात ज्यांच्याकडे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती झाल्या असतील, किंवा भेट मिळालेलं पुस्तक तिसऱ्याला भेट देऊन ज्यांना कंटाळा आला असेल, त्यांनी एक प्रत आदिलाबादकडच्या एखाद्या मराठी शाळेला पाठवावी. डिसेंबर 2024मध्ये टपाल खात्यानं बुक पोस्ट बंद केलं तेव्हा मास्तर आठवडाभर बोलत नव्हते. पण 1 मे 2025पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं आहे. 300 ग्रॅमला 20 रुपये, पाच किलोला 100 रुपये. आदिलाबादचा पिन कोड 504001. पुस्तक पोचेल, वाचलंही जाईल. परत मात्र मागू नका.